शब्दांची वर्गवारी

टपालकचेरींतील कारकून पत्त्यावरचें गांवाचें नांव वाचतो आणि पत्र त्या गांवाच्या खणांत टाकतो. संगणकाच्या आज्ञावलींत हेंच काम ‘स्विच’ करतो. कोणत्याच खणांत न बसणाऱ्यांसाठीं ‘डिफॉल्ट’ नांवाचा एक खण वेगळा राखलेला असतो. डेनिस रिची यांनीं घडविलेल्या सी भाषेंत या खणांवर केवळ पूर्णांकच लिहितां येतात. जावा भाषेंतहि तेथें अक्षरमाला, म्हणजे ‘स्ट्रिंग’, चालत नसे. ती मुभा २०११ सालीं सातव्या आवृत्तीनें दिली. आज्ञावली वाचणाऱ्या माणसाची यामुळें मोठीच सोय झाली.

यंत्रास मात्र शब्द कळूं लागला, असें नव्हे. तें आधीं शब्दाचा एक सांकेतिक अंक काढतें, त्यावरून खण शोधतें आणि मग अक्षर न् अक्षर पडताळून पाहतें. ही पडताळणी कोणास व्यर्थ वाटेल. परंतु दोनअक्षरी शब्दाचा अंक काढतांना पहिल्या अक्षराच्या क्रमांकास ३१ नें गुणून त्यांत दुसऱ्याचा क्रमांक मिळवितात. रोमन लिपींतील मोठा ए व लहान ए यांच्या जोडीचे ६५ गुणिले ३१ अधिक ९७, म्हणजे २११२ होतात. दोन मोठ्या बींचे ६६ गुणिले ३१ अधिक ६६, तेहि २११२च!

मराठींत याच पडताळणीपाशीं खरी अडचण येते. ‘कऱ्हाड’ या नांवांतील ऱ युनिकोडमध्यें दोन प्रकारें लिहितां येतो : एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा र व त्याखालीं नुक्ता अशा दोन चिन्हांनीं. वाचणाऱ्यास दोन्ही रूपें सारखींच दिसतात. यंत्रास तीं निराळीं. शिष्यवृत्तीचे अर्ज गांववार लावण्यास असा स्विच बसविला, तर कऱ्हाडच्या एखाद्या मुलाचा अर्ज निमूटपणें डिफॉल्टमध्यें जाईल आणि त्याचा दोष कोणाच्याहि ध्यानीं येणार नाहीं. नांवामागें राहिलेली एक कोरी जागाहि एवढा अनर्थ करूं शकते.

यास्तव तुलनेपूर्वीं कोऱ्या जागा छाटून, आलेला शब्द आणि खणावरील शब्द हे दोन्ही युनिकोडच्या ‘नॉर्मलायझेशन’च्या रीतीनें एकरूप करून घ्यावे लागतात. जावांत त्याची तयार सोय आहे. डिफॉल्टच्या खणांत अर्ज नाकारण्याची आज्ञा तर कधींच लिहूं नये. आलेला शब्द तेथें जसाच्या तसा नोंदवावा आणि अर्ज माणसाच्या हातीं द्यावा.