संख्या ६१७४ होईपर्यंत

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. चार अंकी एक संख्या लिहा. चारही अंक सारखे मात्र नकोत. समजा ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. आता याच उत्तरावर पुन्हा तीच क्रिया: ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. आणखी एकदा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४च येत राहते. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ साली हे शोधले.

प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या मुलांना व्हाइल लूप शिकवायचा तर मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही. एक ते दहा आकडे छापायला व्हाइल वापरून दाखवतात, ते मला पटत नाही. दहा फेऱ्या ठरलेल्याच असतील तर फॉर लूप पुरतो. मग व्हाइल हवाच कशाला, हे मुलाला कळत नाही. इथे ते कळते. ३५२४ला तीन फेऱ्या लागल्या. १९६० घेऊन बघा, सात लागतील. किती लागतील ते आधी ठाऊक नाही, म्हणून मोजणीऐवजी अट घालायची: संख्या ६१७४ नाही, तोवर चालू ठेव.

आपण बोलताना ‘६१७४ आली की थांब’ असे म्हणतो, आणि मुले तीच अट व्हाइलपुढे लिहितात. मग लूप एकदाही चालत नाही. व्हाइलला थांबण्याची नव्हे, चालू राहण्याची अट हवी असते, आणि ती प्रत्येक फेरीच्या आधी तपासली जाते. दुसरी अडचण अशी, की वजाबाकी होते, पण उत्तर मूळ व्हेरिएबलमध्ये परत ठेवलेलेच नसते. मग पडद्यावर ३०८७, ३०८७, ३०८७ असे अखंड छापत राहते. कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबवावा लागतो.

तिसरी अडचण खरी बघण्यासारखी आहे. प्रोग्रॅम नीट चालतोय असे वाटत असताना कोणी २१११ देते. २१११ वजा १११२, उरले ९९९. कागदावर आपण ०९९९ लिहून पुढे जातो. संगणकाने संख्या म्हणून ठेवले तर पुढचे शून्य गळते. मग ९९९ वजा ९९९, शून्य. आणि शून्य काही ६१७४ नाही, म्हणजे अट कायम खरी! चूक अटीत नसून अंक मांडण्यात आहे. हे मुलांना आयते सांगू नये. प्रत्येक फेरीतली संख्या छापायला सांगावे. बहुतेकांना ते स्वतःच सापडते.

आणि एक प्रश्न आवर्जून विचारावा: हा लूप थांबेलच, हे कशावरून? कापरेकरांच्या बाबतीत उत्तर आहे. चार अंकी संख्या मोजक्याच. सगळ्या तपासल्या, तर सातपेक्षा जास्त फेऱ्या कुठल्याच संख्येला लागत नाहीत. पण दुसरा एक लूप लिहून बघा. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा, आणि १ येईपर्यंत चालू ठेवा. २७पासून निघाले तर १११ फेऱ्या लागतात. जर्मन गणिती लोथार कोलात्झ यांच्या नावाने हा प्रश्न ओळखला जातो. प्रोग्रॅम पाच-सहा ओळींचा. पण कुठल्याही संख्येपासून निघालो तरी तो थांबतोच, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.