मिहान ज्या गावांवर उभं आहे



'एका खेड्याचा भूगोल आणि इतिहास' असा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांनी विचारलं, कोणतं खेडं? मी म्हटलं, आपण जिथे बसणार आहोत तेच. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव. यांच्या शिवारावर आज नागपूर विमानतळालगतचा मिहान प्रकल्प उभा आहे. इथे नोकरीला येणाऱ्या मुलामुलींना सेक्टरचे नंबर पाठ आहेत, कंपन्यांची फाटकं पाठ आहेत. मात्र आपल्या इमारतीखाली कोणाचं वावर होतं आणि पांधण कुठून कुठे जात होती, हे सांगणारी माणसं आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. म्हणून हे व्याख्यान आजच व्हायला हवं, असं मला वाटतं.

सुरुवात जमिनीपासून करू. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहोत. डोंगर म्हणावा असा उंचवटा इथे नाही, पण ही जमीन सपाटही नाही. नागपूर शहर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर वसलं आहे. पूर्वेकडे अतिप्राचीन पट्टिताश्म, पश्चिमेला आणि दक्षिणेला लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण. सीताबर्डीची टेकडी याच काळ्या पाषाणाची. तो झिजून मुरूम झाला, मुरमावर काळी माती साचली. जिथे ती खोल तिथे पऱ्हाटी, तूर, ज्वारी. जिथे हातभर खाली मुरूम लागतो ती बरड. आणि जिथे माती बेताची, खाली पाणी झिरपायला मुरूम आणि जवळ विहीर, तिथे संत्रा.

संत्र्याचं झाड पाण्याला हपापलेलं असलं, तरी मुळाशी पाणी तुंबलेलं त्याला चालत नाही. शिवाय बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडायचं. हिवाळ्यात ताण देऊन जानेवारी-फेब्रुवारीत फुलवला तो आंबिया. उन्हाळ्यात तापवून पहिल्या पावसावर फुलवला तो मृग. कोणत्या वावरात ताण बसतो आणि कोणत्या वावरात ओल हटतच नाही, हे शेतकऱ्याला पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक होतं. भूगोल म्हणतात तो हाच, आणि तो कुठल्याही नकाशात छापलेला नव्हता.

पाण्याची गोष्ट तर याहून महत्त्वाची. शहराच्या बाजूचं पाणी नागनदीकडे जातं, तिथून कन्हान, मग वैनगंगा. दक्षिणेकडचं पाणी वेणा नदीला मिळतं आणि वेणा वर्धेला. म्हणजे आपल्या आसपास पडलेल्या पावसाच्या दोन वाटा होतात. त्या पुन्हा एकत्र येतात त्या थेट चपराळ्याजवळ, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते तिथे. शेतात धुरा घालताना, नाल्याला वाट ठेवताना जुनी माणसं हा उतार पाहत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीचं पाणी घराघरांत शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पाण्याची वाट विसरलेल्या वस्तीला केव्हा ना केव्हा हेच भोगावं लागतं. मिहानचा रस्ता, मिहानची भिंत, मिहानचं पार्किंग बांधताना शिवारातला कोणता नाला कुठे वळवला, याची नोंद गावकऱ्यांना वाचता येईल अशी असायला हवी. हे मी आग्रहाने सांगतो.

आता इतिहास. वर्धा रोडने आणखी दक्षिणेला, बुटीबोरीच्या बाजूला गेलं की टाकळघाट लागतं. तिथे आणि खाप्याला १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी शिळावर्तुळांच्या काळाचं उत्खनन केलं. विदर्भाची शिळावर्तुळं म्हणजे काळ्या पाषाणाचे मोठाले धोंडे गोलाकार मांडून आत माणसांचं केलेलं दफन. सोबत लोखंडाची हत्यारं, काळी-तांबडी भांडी. माहुरझरीला तर तांब्याचे अलंकार घातलेले घोडेसुद्धा सापडले. अडीच हजार वर्षांहून जुना हा काळ. काटोल रोडवरच्या जुनापाणीला रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने अशी वर्तुळं उकरून पाहिली. म्हणजे या माळावर लोखंड वितळवणारी, घोडे पाळणारी माणसं विमानतळाच्या कितीतरी आधी नांदत होती.

टाकळघाटाशी स्टीफन हिस्लॉप यांचंही नाव जोडलेलं आहे. हिस्लॉप कॉलेज नागपुरात सगळ्यांना माहीत. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला, शाळा काढली, आणि फावल्या वेळात इथले दगड वाचू लागला. टाकळीच्या खाणीत त्याला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म मिळाले. दोन लाव्ह्यांच्या मध्ये तळी होती, त्यांत जीव होते! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही तळी. हंटर या सहकाऱ्यासोबत त्याने ते १८५५ मध्ये प्रसिद्ध केलं. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे तेव्हाचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेला. गावची शाळा पाहण्यासाठी मागे थांबला, अंधारात बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून निघाला आणि पुराने फुगलेल्या नाल्यात बुडून गेला. आपल्या मातीचा पहिला भूगोल लिहिणाऱ्या माणसाला याच मातीतल्या नाल्याने नेलं. त्याच्या नावाची एखादी पाटी वर्धा रोडला असावी, असं मला मनापासून वाटतं.

पुढचं थोडक्यात. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि पाटलांना मालगुजार म्हणून गावाची मालकी मिळाली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, कापसाच्या गाड्या याच वाटेने गेल्या. १९५१ मध्ये मालगुजारी गेली.

आणि विमानं? मिहानची कल्पना २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीसोबत आली, असं आपण समजतो. पण १९४९ पासून १९७३ पर्यंत सोनेगाव विमानतळाच्या याच धावपट्टीवर रोज मध्यरात्री दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं उतरत, पोती अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत उडत. देशाच्या मध्यावर माल उतरवायचा आणि चारी दिशांना पाठवायचा, हा विचार नागपूरच्या मातीत जुनाच आहे. शिवणगावच्या लोकांनी ती विमानं कित्येक वर्षं झोपेत ऐकली असतील.

मग जमीन संपादन, मोबदला, पुनर्वसन, साडेबारा टक्के विकसित जमीन. हे शब्द इथल्या घराघरांत इतकी वर्षं बोलले गेले की मी त्यांवर भाष्य करण्याऐवजी गावकऱ्यांनीच करावं. दहेगावच्या बाजूला आज आयआयएम आहे, एम्स आहे. खापरीला मेट्रोचं टोक आहे. त्याचा मला आनंद आहे. एम्समध्ये विदर्भाच्या खेड्यातला रोगी येतो, याहून चांगला उपयोग जमिनीचा कोणता? पण जमीन देणाऱ्यांची नोंद मोबदल्याच्या फायलीत संपावी, हे मला मान्य नाही.

इथे एक दूरचं उदाहरण देतो. चेकोस्लोव्हाकिया हे नवं राष्ट्र १९१८ मध्ये जन्मलं आणि ३० जानेवारी १९२० रोजी त्याने एक कायदा केला: प्रत्येक गावाने आपली स्मरणवही ठेवली पाहिजे. पुढे २००६ मध्ये चेक प्रजासत्ताकाने हा नियम नव्या कायद्याने कायम केला. गावकऱ्याला वही पाहता येते, दुरुस्ती सुचवता येते. या वह्यांचं मोल कळतं ते तिथल्या सीमेवरच्या डोंगराळ गावांत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन भाषकांना तिथून घालवलं आणि कित्येक वाड्या ओस पडल्या. क्रुश्ने डोंगरांच्या पायथ्याशी कोळशासाठी गावंच्या गावं उठवली गेली. मोस्त नावाचं आख्खं शहर कोळशासाठी पाडलं. त्यातलं एक चर्च तेवढं १९७५ मध्ये रुळांवर चढवून ८४१ मीटर दूर नेलं. बाकीच्या गावांचं काय उरलं? ज्यांची वही उरली, त्यांचा पाऊस, पीक, लग्नं, साथीचे रोग, शाळेतली मुलं हे सगळं आज वाचता येतं.

आपल्याकडे तसा कायदा नाही. पण आपण कोरेही नाही. विदर्भातल्या गावाला निस्तारपत्रक आहे, वाजिब-उल-अर्ज आहे. गुरं कुठे चरतील, सरपण कुठून आणायचं, मसणवट कुठे, वाट कोणाच्या वावरातून, तळ्यातल्या मासळीवर हक्क कोणाचा, हे सगळं त्यात आहे. महसुली भाषेत असलं तरी ते गावाचं चरित्रच आहे. खापरी-दहेगावच्या जुन्या नोंदी तहसिलीतून मागून घ्या, त्यांच्या नकला करा, आणि प्रत्येक नोंदीपुढे जिवंत माणसाकडून ऐकलेलं लिहा. आखर कुठे होता? पोळ्याला तोरण कुठे लागायचं आणि झडत्या कोण म्हणायचं? कोणत्या विहिरीचं पाणी मे महिन्यातही आटत नव्हतं? वावरांची नावं काय होती? माझ्या अनुभवात वावराचं नाव विचारलं की म्हातारी माणसं तासभर बोलतात, आणि त्यात जमिनीचा पोत, भावकीचं भांडण आणि दुष्काळाचं साल तिन्ही येतं.

हे काम पुनर्वसन वसाहतीतल्या मुलांनी आणि कंपन्यांत आलेल्या मुलांनी मिळून करावं. एकाला माणसं माहीत आहेत, दुसऱ्याला संगणकावरचा नकाशा. उपग्रहाच्या जुन्या चित्रांवर गावठाण, नाले, बगीचे आणि पांधणी आखून घेता येतात. त्यावर आजच्या सेक्टरच्या रेषा ठेवल्या की कोणाचं काय कुठे होतं ते दिसतं. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावी. पहिल्या पानावर पाचही गावांचे नाले काढावेत, कारण येत्या पावसाळ्यात त्याची गरज सगळ्यात आधी लागणार आहे.