शब्दाला धनी हवा



 

थोड्या वेळापूर्वी याच व्यासपीठावरून कुलगुरूंनी तुम्हाला पदवी प्रदान करत असल्याचे जाहीर केले. ते वाक्य पूर्ण झाले आणि तुम्ही स्नातक झालात. परीक्षा कधीच संपल्या होत्या, निकालही लागले होते. तरी पदवी मिळाली ती या वाक्याने. हेच वाक्य समारंभाआधी कोणी ध्वनिक्षेपक तपासण्यासाठी उच्चारले असते, तर कुणालाच पदवी मिळाली नसती. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत हे फार नेमकेपणाने मांडले. माणूस भाषेने जगाचे वर्णन करतो आणि भाषेनेच कृतीही करतो. तो वचन देतो, साक्ष देतो, क्षमा मागतो, राजीनामा देतो. अशा वेळी शब्दांमागे कोण उभे आहे, यावर सारे अवलंबून असते. आज मला तुमच्याशी याविषयीच बोलायचे आहे, कारण मागे कोणीच उभे नाही अशी वाक्ये अमाप तयार होण्याच्या काळात तुम्ही पदवीधर होत आहात.

भाषा येते कुठून? पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच यावर एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. घट हवा असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जातो आणि घट करून दे म्हणतो. शब्द वापरायचे आहेत म्हणून वैयाकरणाच्या घरी मात्र कोणी जात नाही. भाषा लोकांत आधीच असते, व्याकरण तिच्यामागून येते. याचा विलक्षण पुरावा आपल्याच काळात निकाराग्वा देशात मिळाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे मानाग्वा शहरात कर्णबधिर मुलांना शाळेत एकत्र आणले गेले. शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत होते. त्यात फारसे यश येत नव्हते. पण मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये मुले एकमेकांना घरच्या खाणाखुणा दाखवत होती. त्या खुणा एकत्र आल्या आणि नंतर आलेल्या लहान मुलांनी त्यांना व्याकरण दिले. काही वर्षांतच एक पूर्ण नवी सांकेतिक भाषा उभी राहिली. ना समिती, ना पाठ्यपुस्तक. एकमेकांना काही सांगण्याची ओढ तेवढी होती.

संगणकाच्या भाषेसाठी मात्र वैयाकरणाच्याच घरी जावे लागते. जॉन बॅकस आणि आयबीएममधील त्यांचे सहकारी यांनी फोरट्रान ही भाषा १९५७ साली जगापुढे ठेवली. कोबोल या दुसऱ्या भाषेचा आराखडा १९५९ पासून एका समितीने आखला आणि त्याला ग्रेस हॉपर यांच्या आधीच्या कामाचा मोठा आधार होता. या भाषांत आधी नियम ठरतात, मग पहिले वाक्य लिहिले जाते. एका वाक्याचा एकच अर्थ असावा लागतो. एखादे चिन्ह राहून गेले, तर तुम्हाला काय म्हणायचे होते याचा अंदाज यंत्र बांधत नाही. या काटेकोरपणाला कमी लेखू नका. बँकेतले व्यवहार आणि रेल्वेचे आरक्षण त्याच्यावर चालते. आणि हा काटेकोरपणा आपल्याला परका नाही. पाणिनींनी सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतची रचना बांधली. अनेक वर्णांचा समूह दोन अक्षरांत सांगणारे प्रत्याहार, आधीच्या सूत्रातले पद पुढच्या सूत्रांत चालू ठेवणारी अनुवृत्ती, दोन सूत्रांचा संघर्ष झाल्यास कोणते लागू करायचे याचाही नियम, अशी ती व्यवस्था आहे. संगणक-भाषांचे व्याकरण लिहिण्याची जी पद्धत बॅकस यांच्या नावाने ओळखली जाते, तिला पाणिनींचेही नाव जोडावे, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी १९६७ साली केली होती. मात्र पाणिनी ज्या भाषेचे नियम शोधत होते, ती आधीपासून लोकांच्या तोंडी होती.

माणसाच्या भाषेत अर्थ शब्दांच्या बाहेरही पसरलेला असतो. घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला माणूस चालला आहे हे बरोबर कळते. ही भाषेतली ढिलाई समजू नका. दोघांच्या सामाईक जगण्यावरचा तो विश्वास आहे. हा सामाईक भाग जिथे सुटतो, तिथे निर्दोष आकडेमोडही कामी येत नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी पोचले आणि नष्ट झाले. एका गटाच्या संगणकप्रणालीने बलाचा आवेग पौंड-सेकंदात दिला, दुसऱ्या गटाने तो न्यूटन-सेकंदात आहे असे धरले. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक आहे. आकडे एका यंत्रातून दुसऱ्यात अचूक पोचले होते, पण त्यांचा अर्थ पोचला नव्हता. तो पोचवणे माणसांचे काम होते आणि ते राहून गेले.

आता एक नवी गोष्ट घडली आहे. सत्तर वर्षे आपण यंत्राची भाषा शिकत आलो. आज यंत्र आपल्या भाषेत बोलू लागले आहे. ज्यांना लँग्वेज मॉडेल म्हणतात, त्यांना माणसांनी लिहिलेला प्रचंड मजकूर दिला जातो आणि पुढचा शब्दखंड कोणता येईल याचा अंदाज बांधण्याचा सराव दिला जातो. एवढ्या सरावातून निघणारी वाक्ये ओघवती असतात, पुष्कळदा उपयोगीही असतात. हे मोठे कर्तृत्व आहे आणि तुमच्यापैकी अनेकजण त्यात भर घालतील. पण ऑस्टिन यांचा प्रश्न तिथेही विचारावाच लागतो: या वाक्यामागे कोण उभे आहे? यंत्र क्षमायाचना लिहून देईल, पण क्षमा मागणार नाही. ते औषधाचे प्रमाण सांगेल, पण रुग्ण दगावला तर त्याला कोणी जाब विचारू शकणार नाही.

जाब द्यायचा आहे तो तुम्ही. तुमच्यातला कोणी डॉक्टर होऊन रुग्णाच्या नातेवाइकांना निदान समजावून सांगेल, कोणी वकील प्रतिज्ञापत्र तयार करेल, कोणी अभियंता पुलाच्या सुरक्षिततेच्या अहवालावर सही करेल. मसुदा यंत्राने केला असला तरी हरकत नाही. मात्र त्यातला शब्द न् शब्द वाचा. जे स्वतः तपासले नाही, ज्याची बाजू उद्या चारचौघांत मांडता येणार नाही, त्याखाली सही करू नका.

दुसरी जबाबदारी मराठीची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांची ही मातृभाषा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. यंत्र मात्र दर्जा पाहत नाही, लिहिलेला मजकूर पाहते. ज्या भाषेत वैद्यक, कायदा, शेती, अर्थव्यवहार यांवर ताजे आणि विश्वसनीय लेखन कमी, त्या भाषेत यंत्राची उत्तरेही कच्ची राहतात. आणि कच्चे उत्तर मिळते ते ज्यांना दुसरी भाषा येत नाही त्यांना: पीकविम्याचे नियम विचारणाऱ्या शेतकऱ्याला, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठा उमटवण्याआधी त्यात काय आहे हे विचारणाऱ्या आजीला. लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून मराठी विश्वकोश उभा केला, तो सारे ज्ञान मराठी माणसाला त्याच्या भाषेत मिळावे म्हणून. ते काम पुढे न्यायला आज सरकारी मंडळाची वाट पाहण्याची गरज नाही. तुमच्या विषयातले जे तुम्हाला पक्के ठाऊक आहे, ते सोप्या, अचूक मराठीत लिहा आणि आपल्या नावाने प्रसिद्ध करा.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत अध्ययन संपवून निघालेल्या शिष्यांना आचार्य उपदेश करतात. त्यांनी पहिला उपदेश खरे बोलण्याचा केला. धर्माचरण, स्वाध्याय, मातापित्यांची सेवा हे सारे त्यानंतर आले. त्यात भर घालण्याची माझी योग्यता नाही. आजच्या काळासाठी एवढेच सांगतो: बोलाल, लिहाल, यंत्राकडून लिहून घ्याल, त्या प्रत्येक वाक्याचे धनी व्हा. पदवीने तुमच्या शब्दाला आज वजन आले आहे, आणि तुमच्या शब्दावर विसंबून लोक निर्णय घेणार आहेत. त्यांचा विश्वास सांभाळा.