कुंपणाआडचे रान आणि रविवारची फेरी



जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता पश्चिम द्रुतगती महामार्गावरून निघतो आणि दहा-अकरा किलोमीटरांवर पूर्व द्रुतगती महामार्गाला मिळतो. अलीकडच्या टोकाजवळ जोगेश्वरीची लेणी, मध्ये आरेचे रान, पुढे पवई आणि पलीकडच्या टोकाला ठाणे खाडीच्या काठची कांदळवने. रोज या रस्त्यावरच्या कोंडीत अडकणाऱ्याला दोन्ही बाजूंना भिंती आणि फाटकेच दिसतात. पण उपनगरात उरलेला निसर्ग बऱ्याच अंशी त्या फाटकांच्या आतच आहे. काही सरकारी खात्याच्या ताब्यात, काही कंपनीच्या, काही शाळा-ट्रस्टच्या, काही सोसायट्यांच्या. खासगी मालकीच्या अशा जागेत जाणकाराच्या सोबतीने लोकांनी हिंडावे, त्यासाठी ठरावीक शुल्क द्यावे आणि तो पैसा निसर्गरक्षणासाठी खर्च व्हावा, या उपक्रमाचा विचार आज करायचा आहे.

सुरुवात जोगेश्वरीपासूनच करू. जोगेश्वरी पश्चिमेला अंध मुलांच्या एका शाळेच्या आवारात सुमारे चाळीस फूट खोल विहीर आहे. तिच्या तळाशी डोळे नसलेला, पर नसलेला, खवले नसलेला, बामसारखा दिसणारा मासा सापडला. शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये त्याचे वर्णन ‘राक्तामिक्थिस मुंबा’ या नावाने प्रसिद्ध केले. हे नाव मुंबाआईवरून दिलेले आहे. जमिनीखालच्या पाण्यात, कायमच्या अंधारात राहणारा हा जीव. जगाला तो पहिल्यांदा माहीत झाला तो एका संस्थेच्या आवारातून. त्याआधी कुणी ती विहीर बुजवून वर गाड्या लावायला जागा केली असती, तर काय गेले हे कुणाला कळलेही नसते. जोडरस्त्यालगतच्या आरेत तर विंचवाची एक जात २०१० मध्ये नोंदली गेली आणि तिला आरेचेच नाव मिळाले. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाची हद्द संपते तिथे निसर्ग संपत नाही, याचे याहून जवळचे पुरावे जोगेश्वरीकराला शोधायला नकोत.

आता त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. विक्रोळीची विस्तीर्ण जमीन पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ मध्ये लिलावात घेतली. तिच्या पूर्वेकडचा खाडीकाठ कांदळवनाचा. १९८५ मध्ये तिथे सूनाबाई पिरोजशा गोदरेज सागरी परिसंस्था केंद्र उभे राहिले. खासगी मालकीचे कांदळवन इतकी वर्षे जपले गेल्याचे मुंबईतले हे ठळक उदाहरण आहे. पूर्वपरवानगीने, मार्गदर्शकाच्या सोबतीने तिथे शाळा-महाविद्यालयांचे आणि निसर्गप्रेमींचे गट जातात.

अशा फेरीत काय हाती लागते? मार्गदर्शक तिवराचे एक पान उलटे करून दाखवतो. खालच्या बाजूला मिठाचे बारीक कण चिकटलेले असतात. तिवर खारे पाणी घेते आणि जादाचे मीठ पानावाटे बाहेर टाकते. झाडाभोवती चिखलातून बोट-दीड बोट उंचीच्या काड्या वर आलेल्या दिसतात, ती त्याची श्वसनमुळे. चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून मूळच श्वासासाठी वर येते. त्या मुळांमधून निवट्या सरपटतात आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवत बसलेले असतात. ‘कांदळवन वाचवा’ असा फलक शंभर वेळा वाचलेल्या माणसाला त्या एका पानाने विषय कळतो. या श्वसनमुळांवर राडारोडा टाकला की झाड गुदमरून मरते, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मालकी खासगी असली तरी वाट्टेल ते करायची मुभा नसते, हेही लक्षात ठेवायला हवे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीला मनाई केली, मग जमीन कुणाचीही असो. दुसरीकडे, १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याची धास्तीही उपनगरांनी अनुभवली आहे. जुन्या नोटिशींच्या आधारे मुलुंड, विक्रोळी या भागांतल्या जमिनींवर ‘खासगी वन’ असा शिक्का बसला आणि तिथे घरे घेतलेल्या कुटुंबांची झोप उडाली. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केवळ नोटीस काढली म्हणून जमीन खासगी वन ठरत नाही, असा निर्णय दिला. या इतिहासामुळे अनेक जमीनमालकांना वाटते की आपल्याकडे दुर्मीळ काही आहे हे बाहेर कळले की जमीन अडकली. ही भीती समजून घेतल्याशिवाय कुणाचेही फाटक उघडणार नाही. लोक येतील, पाहतील, पैसे देतील आणि जमीन माझीच राहील, असा भरवसा मालकाला आधी मिळायला हवा.

हा भरवसा कसा दिसतो, ते ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात पाहायला मिळते. राजेंद्र ओवळेकर यांनी वडिलोपार्जित दोन एकरांवर फुलपाखरांसाठी बाग केली. रविवारी सकाळी लोक शुल्क भरून येतात, ओवळेकर स्वतः सोबत हिंडतात आणि शंभराहून अधिक जातींची फुलपाखरे तिथे नोंदली गेली आहेत. बाग करण्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. फुलझाडे लावली की फुलपाखरू मध प्यायला येते, पण अंडी घालायला त्याला ठरावीक झाड लागते. कढीपत्ता आणि लिंबू, रुई, पानफुटी अशी ज्याची त्याची वनस्पती वेगळी. पानफुटीवर वाढणारी एक छोटी अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरून आतला गर खाते. पान उजेडासमोर धरले की ती आत दिसते. आपण बागेत बांडगूळ दिसले की छाटून टाकतो, पण हळदीकुंकू नावाच्या देखण्या फुलपाखराच्या अळ्या त्या बांडगुळावरच पोसल्या जातात. बाजूला मोठमोठे गृहप्रकल्प उभे राहत असताना दोन एकर जमीन रान म्हणून राखणे ही गोष्ट साधी नाही. येणाऱ्याच्या शुल्काचा त्याला हातभार लागतो आणि जमिनीची मालकी जिथल्या तिथे राहते.

कोकणात हाच विचार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्याच हातचे जेवतात आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. किनारा कुणा एकाचा नसला, तरी पाहुण्यांचा पैसा घराघरात पोहोचतो, आणि कासव जगले तर घर चालते हे गावाला पटते. संगमेश्वर भागात पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ने खासगी रान असलेल्या शेतकऱ्यांशी करार केले. तिथले बरेचसे जंगल खासगी आहे. ठेकेदार एकरकमी पैसे देऊन अख्खा डोंगर तोडून नेतो, आणि घरात आजारपण किंवा लग्नकार्य निघाले की मालकाला नाही म्हणता येत नाही. करारात ठरावीक वर्षे रान न तोडण्याचा मोबदला मालकाला मिळतो. धनेश ज्या बेहड्याच्या ढोलीत घरटे करतो, त्या बेहड्याची फळे प्रमाणित पद्धतीने गोळा करून विकण्याची जोडही मालकाला मिळाली.

परदेशातले एक जुने उदाहरण निधी उभारण्याच्या दृष्टीने मोलाचे आहे. १९२७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये घरोघरी जाऊन सेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी पैसा हवा होता. खासगी बागांच्या मालकांना विनंती करण्यात आली की फाटक उघडा आणि माणशी एक शिलिंग घ्या. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. ही योजना आजही चालू आहे. एका बागेतून फार थोडे आले असेल. फाटके अनेक उघडली म्हणून रक्कम मोठी झाली.

आपल्याकडचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका फेरीत पंधरा जण आणि माणशी दोनशे रुपये, तर तीन हजार झाले. चार रविवारांचे बारा हजार. मार्गदर्शकाचे मानधन, चहा-पाणी, प्रथमोपचार पेटी यांचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम लहानच असणार. गर्दी वाढवून ती दुप्पट करण्याचा मोह इथेच टाळायला हवा. एका जाणकारामागे पंधरा-वीसपेक्षा जास्त माणसे झाली की मागच्यांना ऐकू येत नाही, वाट रुंदावते, रोपे तुडवली जातात आणि ज्याच्यासाठी पैसा गोळा करायचा तेच बिघडते. त्यापेक्षा काम लहान आणि नेमके ठरवावे. विहिरीच्या कठड्याची दुरुस्ती, पाण्याची तपासणी, अळ्यांच्या खाद्यवनस्पतींची रोपे, एका जुन्या झाडाभोवतीचे काँक्रीट फोडणे. पुढच्या फेरीला आलेल्या माणसाला झालेले काम त्याच जागी दाखवता आले पाहिजे. त्याहून चांगला ताळेबंद नाही.

पैसा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जावा आणि पावती दिली जावी. फेरीचे शुल्क वेगळे, देणगी वेगळी. सेवेच्या बदल्यात दिलेल्या पैशाला करसवलतीची देणगी म्हणता येत नाही, आणि रोख देणगी दोन हजारांवर गेली तर सवलत मिळत नाही. मालकाशी लेखी करार असावा: कोणत्या वाटेने जायचे, किती जणांनी, किती वाजेपर्यंत, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची. मार्गदर्शकाने आदल्या दिवशी वाट चालून पाहावी. पावसाळ्यात गवतात घोणस असू शकते, म्हणून पायात बूट हवेतच. आरेलगतच्या भागात बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा फेरी उजेडात सुरू होऊन उजेडातच संपावी. घरट्याचा किंवा दुर्मीळ जिवाचा नेमका ठावठिकाणा छायाचित्रासोबत पसरवू नये.

जाणकार कुठून आणायचे, हा प्रश्न मुंबईत तरी अडू नये. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून या शहरात आहे आणि तिचे गोरेगावचे शिक्षण केंद्र जोगेश्वरीच्या शेजारीच आहे. महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांना अशा फेऱ्यांतून चार पैसे आणि बोलण्याचा सराव मिळेल. आरेच्या पाड्यांवरच्या वारली कुटुंबांना रानभाज्यांची आणि औषधी झाडांची जी ओळख आहे, तिला मानधन देऊन फेरीत मानाची जागा द्यावी.

पावसाळा तोंडावर आहे. जोगेश्वरी, अंधेरी, गोरेगावच्या ज्या शाळांच्या, ट्रस्टच्या, कारखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात जुनी विहीर, मोठे झाड किंवा मोकळा तुकडा आहे, त्यांच्या पदाधिकाऱ्यांनी या महिन्याच्या सभेत हा विषय घ्यावा. आधी एका जाणकाराला बोलावून आपल्या आवारात काय काय आहे, याची यादी करून घ्यावी. मग एक रविवार, पंधरा माणसे आणि एक नेमके काम ठरवावे. जमलेला पैसा आणि झालेला खर्च फाटकावरच्या फळ्यावर लिहावा.