तापलेला गोळा आणि न दिसणारा धूर



पिंपरी, भोसरी, चाकण हा पट्टा यंत्रांचा म्हणून ओळखला जातो. येथील कामगार-कुटुंबांतील मुले आज स्पर्धा परीक्षांच्या उंबरठ्यावर उभी आहेत आणि तेथे त्यांची गाठ पडते ती तर्कशक्तीच्या प्रश्नांशी. शालान्त परीक्षेत उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थीही येथे अडखळतो. त्याचे कारण बुद्धीचे दारिद्र्य नव्हे, पाठांतराची सवय हे आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्व परीक्षेत ‘सीसॅट’ आणली. २०१५पासून त्यात ३३ टक्के गुण मिळाले तरी पुरतात. पण तेवढे न मिळाल्यास सामान्य अध्ययनाची सारी तपश्चर्या व्यर्थ जाते. ८० प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. उतारे हिंदी किंवा इंग्रजीत. मराठी मुलाला ही आणखी एक चढण. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतात, म्हणून अंदाजाचा बाणही महाग पडतो.

या प्रश्नांचे मर्म आपल्या न्यायशास्त्राने केव्हाच सांगितले आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे उलटे अनुमान चूक. नैयायिकांनी यासाठी दृष्टान्त दिला तो तापलेल्या लोखंडी गोळ्याचा. भोसरीच्या फोर्जिंग शॉपमधील कामगार तो रोज पाहतो: लालबुंद लोखंडात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओले इंधन लागते. ही न बोललेली अट म्हणजे ‘उपाधी’. तर्काच्या प्रश्नांत बहुधा हीच लपलेली अट शोधायची असते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळीत सदोष भाग फार निघत होते. रात्रपाळीला प्रशिक्षण दिले. पुढील महिन्यात दोष निम्मे झाले. निष्कर्ष काढला, की प्रशिक्षणाने काम सुधारले. हा निष्कर्ष कशाने दुबळा होईल? पहिला पर्याय : प्रशिक्षणाला खर्च फार आला. दुसरा : प्रशिक्षण न मिळालेल्या दिवसपाळीतही दोष निम्मे झाले. घाईत वाचणारा पहिल्यावर खूण करतो. परंतु खर्चाचा कारणाशी संबंधच नाही. दुसरा पर्याय सांगतो, की दोन्ही पाळ्यांत काहीतरी समान बदलले असावे. कदाचित कच्चा माल, कदाचित हत्यार. लपलेली अट होती ती ‘दुसरे काही बदललेले नाही’ ही.

यावरून अभ्यासाची रीत ठरते. आधी निष्कर्ष शोधावा, मग त्याचा हेतू, मग दोहोंमधील फट. उताऱ्यात नसलेली माहिती, ती खरी असली तरी, उत्तरात आणू नये. ‘सर्व’, ‘काही’, ‘केवळ’ या शब्दांवर थांबावे. सोडवलेल्या प्रश्नाचे चार पर्याय तपासताना तीन चूक का, हे एकेका वाक्यात वहीत लिहावे. रोज दहा प्रश्न असे सोडवले, तर शंभर प्रश्नांच्या धावपळीपेक्षा ते अधिक फळ देतात.

वडील कारखान्यात यंत्र बंद पडले की ‘का?’ असे पाच वेळा विचारतात. घरी मुलाने एकदा विचारले तर मात्र त्याला गप्प बसवले जाते. हा विरोधाभास संपला पाहिजे. रात्रीच्या जेवणावेळी वृत्तपत्रातील एक विधान घ्यावे आणि त्याचा हेतू व उपाधी मुलांकडून काढून घ्यावी.

येथे एक पथ्य कसोशीने पाळावे लागेल. ही कसोटी केवळ प्रतिपक्षाच्या विधानांना लावून चालणार नाही. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे, त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत मांडल्याखेरीज उत्तरपक्षाला अधिकार मिळत नाही, ही आपलीच परंपरा. आपल्याला प्रिय असलेले मतही त्याच ऐरणीवर ठेवावे. जे घाव सोसेल तेच टिकेल. हे ज्या घरात घडेल, तेथील मुलगा परीक्षेत तर उतरेलच. शिवाय सहजासहजी कोणाच्या शब्दाला भुलणार नाही.