टीबीचं औषध संपलं, मग रक्ताचा कागद पॉझिटिव्ह कसा?

आज बोलायचं आहे ते एका कागदाबद्दल.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत एका बाईनं तीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. कारणाच्या रकान्यात ‘दवाखाना’ लिहिलं होतं. विचारलं तर म्हणाली, "टीबीची रक्ताची तपासणी अजूक एकदा करा लागते ताई. मागच्या वेळी पॉझिटिव्ह आली." आता हिचं सहा महिन्यांचं औषध पूर्ण झालेलं. खोकला गेलेला, वजन वाढलेलं, निंदणाला जाऊन राहिली होती. पण कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं बाहेर खासगी ठिकाणी ‘टीबी गोल्ड’ नावाची तपासणी केली आणि कागदावर पॉझिटिव्ह आलं. तो कागद सासूनं पाहिला. दुसऱ्या दिवशी हिचं ताट वेगळं झालं, आणि चार वर्षांचं लेकरू आजोळी पाठवलं.

तो कागद खोटा नव्हता. पण तो जे सांगत होता ते वेगळंच होतं, आणि घरानं त्यातून वाचलं ते वेगळंच.

आपल्याकडे सोयाबीन-तुरीच्या दिवसांत माणसं रात्री जागलीला जातात. सोबत कुत्रा असतो. ज्या कुत्र्यानं एकदा रानडुक्कर पाहिलं, त्याला तो वास कायमचा लक्षात राहतो. पुढं कधी नुसता वास आला तरी तो भुंकतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अशाच असतात. टीबीचा जंतू एकदा अंगात शिरला की काही पेशी त्याची ओळख धरून ठेवतात. टीबी गोल्डच्या तपासणीत आपलं रक्त घेऊन त्यात टीबीच्या जंतूचे दोन-चार तुकडे टाकतात, म्हणजे नुसता वास देतात. ओळख असली तर पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचा पदार्थ सोडतात. तो किती सुटला हे मोजायचं, एवढीच ती तपासणी.

कुत्रा भुंकला यावरून इतकंच कळतं की त्याची अन् डुकराची कधीतरी गाठ पडली होती. डुक्कर आज वावरात आहे, की मागच्या साली येऊन गेलं, की धुऱ्यापलीकडं झोपलं आहे, हे भुंकण्यावरून कळत नाही. म्हणून ज्याचा टीबी पूर्ण बरा झाला त्याचीही ही तपासणी पुढं कित्येक वर्षं पॉझिटिव्ह येऊ शकते. औषध घेताना आकडा उतरतो का हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे. काहींचा उतरतो, काहींचा तसाच राहतो, काहींचा तर बरं होताना चढतो. असल्या आकड्यावरून औषध लागू पडतंय की नाही कसं ठरवणार? म्हणूनच उपचाराची प्रगती पाहायला ही तपासणी वापरत नाहीत.

उलटंही होतं. कुत्रा उपाशी, अशक्त असला तर डुक्कर समोर येऊनही तो भुंकत नाही. फार खंगलेल्या, एचआयव्ही असलेल्या किंवा कुपोषित माणसाला खरा टीबी असूनही कागद निगेटिव्ह येऊ शकतो. निगेटिव्ह आला म्हणून खोकल्याकडे काणाडोळा करायचा नाही.

हातावर सुई टोचून दोन-तीन दिवसांनी फुगा मोजतात ती मांटू तपासणीही याच जातीची. तिची गोष्ट जुनी आहे. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी टीबीचा जंतू सापडल्याचं २४ मार्च १८८२ ला जाहीर केलं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानंच गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. जंतू माहीत होता, औषध नव्हतं. १८९० मध्ये कॉख यांनी जंतूंपासून ट्युबरक्युलिन काढलं आणि हेच औषध असं सांगितलं. औषध म्हणून ते फसलं. पण ज्यांच्या अंगात जंतू होता त्यांना ते टोचल्यावर सूज येते हे दिसलं, आणि पुढं १९०८ मध्ये फ्रान्सच्या मांटू यांनी त्याची हातावरची तपासणी बसवली. तिची अडचण अशी की लहानपणी बीसीजीची लस टोचली असेल तरी हात फुगू शकतो. नव्या तपासण्यांत बीसीजीत नसलेले तुकडे वापरतात, म्हणून ही गफलत टळते. अशीच एक नवी सुई, सायटीबी, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. तिला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली.

मग या तपासण्या कशासाठी? अंगात जंतू झोपलेला आहे का, हे शोधायला. घरात एकाला फुप्फुसाचा टीबी निघाला की सोबत राहणाऱ्यांना आधी तपासतात, आजार नाही याची खात्री करतात, आणि मग पुढं आजार होऊ नये म्हणून प्रतिबंधाच्या गोळ्या देतात. त्या वेळी ही सुई किंवा रक्त कामाचं. पाच वर्षांखालच्या लेकरांना तर आजार नसल्याची खात्री झाली की या तपासणीशिवायच प्रतिबंधाचं औषध देतात. तेव्हा आशाताई घरी येऊन "सगळ्यांना तपासायचं" म्हणाल्या तर दार लावून घेऊ नका.

आणखी एका ठिकाणी हा कागद बायांना छळतो. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, म्हणून रक्त तपासलं, पॉझिटिव्ह आलं, आणि ‘गर्भपिशवीचा टीबी’ असं बोललं गेलं. आपल्या देशात कितीतरी धडधाकट माणसांच्या अंगात झोपलेला जंतू असतो, त्यांचाही कागद पॉझिटिव्हच येतो. नुसत्या त्यावरून गर्भपिशवीचा टीबी ठरत नाही. पिशवीच्या आतल्या थराचा नमुना काढून तपासावा लागतो. औषध सुरू करण्याआधी हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. तसंच, टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडी पाहणारी जी जुनी स्वस्त किटं होती, त्यांवर केंद्र सरकारनं जून २०१२ मध्येच बंदी घातली आहे. कुणी आजही ती करायला सांगितली तर सरळ नाही म्हणा.

औषध लागू पडतंय हे ओळखायचं कसं, तर त्याला साधेच मार्ग आहेत. फुप्फुसाचा टीबी असेल तर दोन महिने झाल्यावर थुंकी तपासतात आणि औषध संपताना पुन्हा तपासतात. इथं नमुना नीट देणं आपल्या हातात आहे. सकाळी उठल्यावर, चूळ भरून, उघड्यावर उभं राहून, खोल श्वास घेऊन छातीतून बेडका काढायचा. तोंडातली लाळ चालत नाही. बायका लाजतात आणि लाळच देतात, मग तपासणीत काही दिसत नाही आणि सगळे समजतात बरी झाली. दोन महिन्यांनीही जंतू दिसले तर औषधाला न जुमानणारा टीबी आहे का हे पाहावं लागतं, म्हणून ही तारीख चुकवू नका. सुरुवातीला सीबीनॅटवर तपासणी झालेली असते, ‘तीच पुन्हा करा’ असा हट्ट काही जण धरतात. पण ते यंत्र मेलेल्या जंतूचे अवशेषही पकडतं, म्हणून बरं झालं का पाहायला ते योग्य नाही. मानेच्या गाठीचा किंवा हाडाचा टीबी असेल तर थुंकीत काही सापडणार नाही. तिथं डॉक्टर अंगावरची लक्षणं पाहून ठरवतात.

दुसरं म्हणजे वजन. दर महिन्याला करा, कार्डावर लिहून घ्या. औषधाचा डोससुद्धा वजनावरच ठरतो. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं त्यांच्यात मृत्यू कमी झाले. आणि रुग्णाच्या घरातल्या ज्या माणसांना जादा धान्य-डाळ दिलं, त्यांच्यात टीबी होण्याचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी राहिलं. हे वाचल्यावर मला त्या तीन हजारांत किती अंडी, किती शेंगदाणे आले असते याचा हिशेब सुचला. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला एक हजार रुपये नोव्हेंबर २०२४ पासून झाले आहेत, आधी पाचशे होते. ते बाईच्या स्वतःच्या खात्यावर येतात का, आणि आलेले तिच्या ताटात जातात का, हे गटानं विचारायला काय हरकत आहे?

जाता जाता अजून एक. या औषधानं लघवी लालसर-केशरी होते, त्याला घाबरू नका. पण पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर ते कमी करतं. गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना सांगून दुसरा उपाय घ्या. हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

त्या बाईचं पुढं काय झालं? गटानं तपासणीसाठी कर्ज दिलं नाही. मी आणि अध्यक्षबाई तिच्यासोबत सरकारी दवाखान्यात गेलो. थुंकी स्वच्छ होती, एक्स-रे पाहिला, डॉक्टर म्हणाले औषधाची गरज नाही. तिची सासू सोबत आली होती हे बरं झालं, तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. टीबी हवेतून, खोकल्यातून पसरतो, ताटातून नाही, आणि औषध नीट सुरू असलं की काही आठवड्यांतच बहुतेकांकडून पसरायचा थांबतो, हेही ऐकलं. ताट दुसऱ्या दिवशी एक झालं. लेकरू मात्र अजून आजोळीच आहे. सोयाबीन निघालं की आणू म्हणते.

त्या बैठकीनंतर गटानं ठराव लिहिला. टीबीच्या तपासणीसाठी कर्ज मागितलं तर आधी सरकारी दवाखान्यात विचारून यायचं. आजारी बाईच्या खाण्यासाठी मागितलं तर प्रश्न न विचारता द्यायचं. दुसऱ्या कलमावर बरीच बोलाचाली झाली, पण शेवटी सगळ्यांनी सह्या केल्या.

ज्यांचं औषध संपलं आहे त्यांनी कार्डाच्या मागं तारखा लिहून ठेवा: सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी दवाखान्यात दाखवायचं असतं. मधे खोकला, ताप परतला, वजन उतरलं तर तारखेची वाट पाहू नका. काही विचारायचं असेल तर टीबीची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-६६६६. लिहून घेतलं? परत सांगते, १८००-११-६६६६.