‘पिएर’ हॉटेल आणि आपण
(न्यूयॉर्क येथील स्नेहमेळाव्यातील भाषण)



शताब्दीच्या वर्षी बोटींबद्दल, उसाच्या मळ्यांबद्दल बोलायचे, हे ओघानेच येते. आज आपण या शहरातल्या एका हॉटेलाबद्दल बोलू. त्याचा धागा आपल्यापर्यंत पोचतो.

फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ६१व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, सेंट्रल पार्कसमोर ‘द पिएर’ उभे आहे. १९३० साली ते सुरू झाले. मजले ४१, उंची ५२५ फूट, खर्च दीड कोटी डॉलर. शुल्त्झ आणि वीव्हर या वास्तुकारांनी त्याचा माथा व्हर्सायच्या राजवाड्यातील प्रार्थनामंदिरावरून बेतला. चार्ल्स पिएर हा कॉर्सिका बेटावरचा माणूस. हॉटेलात हलकी कामे करत तो वर आला; कासालास्को हे आडनाव त्याने मागे टाकले. पण मंदीचा काळ होता. दोनच वर्षांत हॉटेलाचे दिवाळे निघाले. १९३८ साली तेलसम्राट जे. पॉल गेटी यांनी ते विकत घेतले.

आत दिवाणखाने आहेत, मेजवान्यांची दालने आहेत. गोल सभागृहाच्या भिंतींवर एडवर्ड मेलकार्थ यांनी १९६७ साली रंगवलेली चित्रे आहेत. पांढरे हातमोजे घातलेले लिफ्टमन पाहुण्यांना वर नेतात, ही इथली जुनी रीत.

२००५ साली हे हॉटेल टाटांच्या ताज समूहाने चालवायला घेतले. जमशेटजी टाटांनी मुंबईचे ताज १९०३ साली उघडले. त्याचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केला, काम चेंबर्स यांनी पुरे केले. पंखे अमेरिकेहून, लिफ्ट जर्मनीहून आणल्या होत्या. त्याच मुंबई बंदरातून, ताज उभे राहण्याच्या कितीतरी आधी, कोकणातली आपली माणसे मॉरिशसच्या बोटीत चढली होती. त्यांच्यासाठी किनाऱ्यावर ना पंखा होता ना लिफ्ट.

आपल्या पूर्वजांनीही करारावर अंगठा उठवला होता. पाच वर्षे, महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. न्यूयॉर्कच्या हॉटेल कामगारांनीही करार केला, तो १९३९ सालचा; पण तो संघटना बांधून, मालकांच्या संघासमोर बसून. करार दोन्ही, फरक एवढाच की एकात अटी आपल्याला सांगितल्या गेल्या, दुसऱ्यात कामगारांनी आपल्या अटी मांडल्या.

मळ्याकडून हॉटेलाकडे आलेली माणसे आपल्या घराघरांत आहेत. कुणी मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात खोल्या आवरल्या, कुणी इथे रात्रपाळी केली. मोठ्या हॉटेलांच्या इतिहासात मालकांची नावे येतात, पलंगाची चादर बदलणाऱ्या बाईचे नाव येत नाही.

आपल्या पणजोबांचे नाव, गाव, वय मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत सापडते, कारण मळेवाल्यांना माणसे मोजायची होती. आज आपल्याला कुणी मोजत नाही. म्हणून ते काम आपणच करायचे आहे. मुलांनो, आजी-आजोबांना विचारा: कुठे काम केले, पाळी किती तासांची, पहिला पगार किती? मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, क्रिओलमध्ये लिहा, पण लिहा. पुढच्या स्मरणिकेत ती नावे छापून येऊ द्यात.

जय महाराष्ट्र, जय मॉरिशस!